रंग खरवडायच्या आधी : बास गिटारच्या डागडुजीबद्दल तुमचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत बास गिटारचे प्रश्न इतके आलेत की हार्मोनियम आणि सतारवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवावं लागतंय, त्यांनी रागावू नये. बहुतेकांना एकच करायचंय, जुनी किंवा मुद्दाम बनवून घेतलेली बास घरच्या घरी रंग काढून नवी करायची. करा, नक्की करा, मला मनापासून आनंद आहे. फक्त एक विनंती आत्ताच करतो आणि खाली परत परत करणार आहे, की रंग काढायचं काम सगळ्यात शेवटी ठेवा. आधी पुसायचं, मग दुरुस्त करायचं, मग आठ-पंधरा दिवस वाजवायची, आणि त्यानंतरही वाटलं तरच खरवडायला घ्यायचं.

प्रश्न : नमस्कार दादा. माझ्या बाबांची बास गिटार आहे, १९८९ ला मुंबईत एका कारागिराकडून मापं देऊन बनवून घेतलेली. बाबा ऑर्केस्ट्रात वाजवायचे, गणपती, नवरात्र, कंपन्यांची गॅदरिंग, सगळीकडे हीच असायची. नंतर ती वीसेक वर्षं माळ्यावर रेक्झिनच्या कव्हरमध्ये पडून होती. आता माझा मुलगा शिकतोय म्हणून बाबांनी स्वतःच खाली काढून दिली. बॉडी काळी आहे, ठिकठिकाणी टवके उडालेत, आणि मागच्या बाजूला कव्हर चिकटून मोठा खरखरीत डाग पडलाय जो कशानेच जात नाहीये. सुतार म्हणतो आत सागवान आहे, पूर्ण रंग काढून लाकूड दिसेल असं मस्त पॉलिश करू. घरी होईल का? हीट गन घेऊ का रंग काढायचं केमिकल? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, घरी होईल. पण हीट गन विकत घेऊ नका, निदान आत्ता तरी नको, का ते सांगतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे तो मागचा डाग. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक, ते मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि एनसी लॅकर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, त्याला खातं. हा डाग वर बसलेला मळ नाहीये, तिथला लॅकरच मऊ होऊन त्यावर कापडाची नक्षी उमटलीये, त्यामुळे पुसून तो जाणारच नाही. म्हणजे फिनिश बहुतेक एनसी आहे. खात्री करायला बॉडीच्या आत, जिथे पोटं, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे पोटेन्शिओमीटर, आणि वायरिंग असतं त्या खळग्यात रंगाचा शिंतोडा उडालेला असेल तिथे कापसाच्या काडीने आधी थोडं स्पिरिट लावून बघा. विरघळलं तर लाखेचं पॉलिश. नाही विरघळलं तर एनसी थिनर लावा, मऊ होऊन काडीला काळं लागलं की एनसी पक्कं. दोन्हींनी काहीच नाही झालं तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिएस्टर.

आता एनसी असेल तर हीट गन का नको, तर नायट्रोसेल्युलोज भसकन पेटतं. हीट गन पीयू आणि पॉलिएस्टरसाठी ठीक आहे, ते तापून पापुद्र्यासारखं सुटतं, पण एनसीला गरम हवा मारणं म्हणजे घरात आग लावायची तयारी. आणि केमिकलची तुम्हाला गरजच नाही कारण साधं थिनर पुरतं. तेही वापराल तेव्हा बाल्कनीत, आणि त्या वेळी गॅस बंद, देवघरातला दिवासुद्धा शांत झालेला असू दे, थिनरची वाफ जड असते आणि जमिनीवरून सरपटत दुसऱ्या खोलीत जाते हे फार लोकांच्या लक्षात येत नाही.

पण मुळात रंग काढायचाच का? दोन कारणांनी मी म्हणतोय थांबा.

पहिलं असं की कारागिराने काळा रंग का दिला असेल याचा विचार करा. ऑर्केस्ट्राला स्टेजवर काळी हवी असेल, असूही शकतं. पण अपारदर्शक रंगाखाली बऱ्याचदा तीन-चार पट्ट्या जोडलेल्या असतात, कधी कधी वेगवेगळ्या लाकडाच्या, गाठी आणि फटी लांबी (पुट्टी) भरून बुजवलेल्या असतात, आणि त्या काळ्या रंगाखाली काही चूक नाही, वाद्य उत्तमच वाजतं, पण रंग काढला की ते सगळं उघडं पडतं आणि मग परत काळाच रंग द्यावा लागतो. नेक, म्हणजे बासची लांब मान, काढला की ज्या खोबणीत तो बसतो ते नेक पॉकेट आणि पिकअपखालचे, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांखालचे, खळगे टॉर्च मारून बघा. रेषा एका अंगाने सलग जाताना दिसल्या तर लाकूड एकसंध, मध्येच दिशा बदलली तर जोड आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एनसीची एक मोठी गंमत आहे, त्यावर नवा एनसी लावला की तो जुन्या थराला थोडं विरघळवून त्याच्यातच एकजीव होतो. पीयूमध्ये हे होत नाही, तिथे प्रत्येक थर वेगळा बसतो आणि दुरुस्तीची कड दिसत राहते. म्हणजे तुमच्या बासचे टवके अगदी बेमालूम भरता येतील असं फिनिश तुमच्याकडे आधीच आहे, ते कशाला काढून टाकता.

तर क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी मोबाइलवर फोटो, समोरून, मागून, वायरिंगचे जवळून, प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर टोचून ठेवा. मग तारा हळूहळू सैल करा, चारही तारा मिळून नेकवर साधारण ७५ ते ८० किलोचा ताण असतो, एकदम कापू नका. मग नेक काढा आणि खोबणीत नीट बघा. हे मी जीव तोडून सांगतोय. माझ्या हातून एकदा एका ओळखीच्यांच्या बासच्या नेक पॉकेटमधलं पेन्सिलचं अक्षर घासलं गेलं, तारीख आणि कारागिराची सही होती, सँडपेपर दोनदा फिरला असेल नसेल आणि ते धुरकट होऊन गेलं, मालकाचे वडील तोपर्यंत नव्हते, विचारायलाही कुणी उरलं नव्हतं. त्या खोबणीला तसंही कधीच पेपर मारायचा नसतो, कागदभर जरी लाकूड गेलं तरी नेकचा कोन बदलतो आणि मग वरच्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, तारा खडखडतात. मास्किंग टेप लावून झाकून टाका.

तुमचे बाबा आहेत, त्यांना बास समोर घेऊन बसवा. वरच्या कडेला जिथे उजवा हात टेकायचा तिथे रंग झिजून लाकूड दिसत असेल, पिकअपच्या कव्हरवर अंगठा ठेवायची जागा गुळगुळीत झाली असेल, ते त्यांच्या हाताने झालंय. टवका आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टवका भरा, झीज ठेवा असं माझं मत, पण शेवटचा शब्द बाबांचा.

साफसफाईला आधी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, कापड घट्ट पिळून. त्याने गेलं नाही तर लायटरमध्ये भरतात ते फ्लुइड, एनसीला ते काही करत नाही. स्पिरिट आणि थिनर पुसायला अजिबात नाही. काळा मळ निघाला की निम्मी बास नवी दिसायला लागेल, खरंच.

टवक्यांसाठी काळा एनसी लॅकर छोट्या ब्रशने थेंब थेंब टाकायचा. एका वेळी भरून टाकू नका, तो वाळताना बसतो. आज एक थेंब, उद्या एक, असं करत करत आजूबाजूपेक्षा किंचित उंच आला की दोन आठवडे हात लावायचा नाही. मग खोडरबराच्या तुकड्याला १००० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून फक्त तो उंचवटा घासा, बाजूला टेप लावून. समपातळीत आला की १५००, मग २०००, मग गाडीचं रबिंग कंपाउंड. मागचा रेक्झिनचा डाग मात्र असा जाणार नाही, तो भाग कायमचा मऊच राहतो, त्यामुळे तेवढाच थर थिनर लावलेल्या कापडाने लाकडापर्यंत काढून तिथे नव्याने लॅकर चढवावा लागेल. मागची बाजू आहे, सराव तिथेच होऊ दे. आणि कव्हर नवीन घ्याल ते आतून कापडाचं घ्या. स्टँडवर ठेवणार असाल तर स्टँडच्या रबरावर सुती फडकं बांधा, तेही हेच उद्योग करतं.

इतकं करून बास तारा चढवून वाजवा. तरीही लाकूडच बघायचं असेल तर मग काढा, मी अडवणार नाही. थिनरचा कपडा रंगावर ठेवून वर प्लास्टिक टाकायचं, पाच-दहा मिनिटांनी मऊ झालेला रंग प्लास्टिकच्या पट्टीने ओढायचा, लोखंडी पटाशीने नाही. मग १२०, १८०, २२०, ३२० नंबरचा पेपर, ठोकळ्यावर लावून, कायम रेषांच्या दिशेने. कडांवर हात हलका ठेवा, कडा गोल झाल्या की बास वितळलेल्या साबणासारखी दिसते. सागवानाची भुकटी नाकाला आणि कातडीला लागते, मास्क हवाच. लाकूड कुठे दबलं असेल पण तुटलं नसेल तर तिथे ओलं फडकं ठेवून इस्त्रीचं टोक दोन सेकंद टेकवा, चर्र आवाज येतो, वाफ आत जाते आणि दबलेले तंतू फुगून वर येतात. पाच-सहा वेळा केलं की डोळ्यांदेखत खळगा भरून येतो, मला तर हे काम इतकं आवडतं की मी शेजाऱ्यांचे पाटसुद्धा असे सरळ करून दिलेत.

सागवान तेलकट असतं, त्यावर लॅकर थेट धरत नाही. म्हणून फिनिश द्यायच्या अगदी आधी थिनरने पुसून घ्या आणि पहिला हात लाखेचा द्या. चपडा लाख हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते, १०० ते १२० ग्रॅम लाख एक लिटर स्पिरिटमध्ये काचेच्या बाटलीत रात्रभर, सकाळी खाली मेण बसलेलं असतं, ते न हलवता वरचं नितळ ओतून घ्यायचं. लाख लाकडालाही धरते आणि वर जे लावाल त्यालाही धरते. फक्त लाखेवरच थांबू नका, हाताच्या घामाने ती पांढरी पडते आणि मुंबईचा घाम तुम्हाला माहीतच आहे. वर फडक्याने लावायचं पातळ केलेलं पीयू, पाच-सहा हात, फ्लॅटमध्ये स्प्रे करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

आणि हो, सुताराला सांगा की ही बास आहे, दरवाजा नाही. चांगला सुतार असेल तर ऐकेल.

प्रश्न : मी जुलैत माझ्या कस्टम बासला कॅनमधला क्लिअर लॅकर मारला. दहा मिनिटांत सगळीकडे दुधासारखं पांढरं आलं. परत मारला तर अजून पांढरं. सगळं काढून टाकू का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काढू नका, काढू नका. लॅकर खराब नाही, हवा ओली आहे. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार करतो, गार पृष्ठभागावर हवेतली वाफ बसते, जशी थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून बसते तशी, आणि ती लॅकरमध्ये अडकून पांढुरकी दिसते. वर अजून लॅकर मारला की अजून पाणी अडकतं.

बरेचदा हवा कोरडी झाली की हे आपोआप निवळतं. दोन-चार दिवस सलग ऊन पडलं की बास घरात आणून कोरड्या खोलीत टांगून ठेवा, उन्हात नाही, उन्हात लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या वेगाने तापतात आणि तडे जातात. तरी राहिलं तर रंगाच्या दुकानात रिटार्डर थिनर मागा, ते हळू उडतं. त्याचा अगदी धुक्यासारखा एक फवारा, ओलं दिसेल इतकाच, लॅकर परत किंचित विरघळतो आणि आतलं पाणी निघून जातं. पण हेसुद्धा पाऊस धो धो चालू असताना करायचं नाही.

कोकणात राहणाऱ्या सगळ्यांना मी एकच सांगतो, जून ते सप्टेंबर लाकूडकाम करा, वायरिंग करा, पार्ट साफ करा, पेपर मारून लाख लावून ठेवा, आणि लॅकर दसऱ्यानंतर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाच महिने आहेत की. ज्यांना थांबवतच नाही त्यांनी तेलाचं फिनिश करावं, आपण क्रिकेटच्या बॅटला लावायचो ते अळशीचं तेल, ज्याला दुकानदार बेलतेल म्हणतात. पातळ हात, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाकायचं, पावसाळ्यात दोन हातांत आठवडा जाऊ दे. एक गोष्ट मात्र कृपा करून विसरू नका, तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि बोळ्यात ती उष्णता अडकून फडकं आपोआप पेटतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

प्रश्न : मे महिन्यात माझ्या बासच्या फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोचायला लागली, हात अक्षरशः कापतो. बनवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला लाकूड आकसलंय, कानस मारून घ्या. मारू का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : बनवणारा कारण बरोबर सांगतोय पण कानस लगेच मारू नका. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात हवा पार कोरडी होते, फ्रेटबोर्डचं लाकूड रुंदीत आकसतं, फ्रेट धातूचे आहेत ते आकसत नाहीत, म्हणून टोकं बाहेर. जुलैत लाकूड परत फुगलं की ती आत जातील. बास केसमध्ये ठेवा आणि सोबत छिद्रं असलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, लाकडाला टेकणार नाही असा. कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नका, कूलर चालू असताना दमट आणि बंद झाला की कोरडं, या हेलकाव्याने नेक जास्त बिघडतो.

लाकूड नव्या बासमध्ये पुरतं वाळलेलं नसेल तर पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत हे जास्त होतं, नंतर कमी होतं. दोन उन्हाळे बघा, तिसऱ्यालाही बोचलं तर तेव्हा बारीक कानस, टोकाच्या कोनातच, लाकडाला टेप लावून. शिसवी बोर्ड असेल तर वर्षातून एकदा अगदी थोडं लेमन ऑइल पुसून घ्या, मेपलवर लॅकर असतो तिथे तेलाचा उपयोग नाही.

याच सुमारास ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई, तीपण बघून घ्या. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे ते बघा, साधारण ०.३ मिमी, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी हवी. कमी-जास्त असेल तर पाव आटा फिरवायचा आणि रात्रभर सोडायचं, नेक सावकाश हलतो. फिरत नसेल तर जोर लावायचा नाही, तिथे जाणकार माणसाकडेच न्या.

प्रश्न : दादा मी सेकंड इयरला आहे, मित्राने त्याची जुनी कस्टम जॅझ टाइप बास दिली, रंग मीच केला घरी, मस्त झाला, पण आता ॲम्प लावला की घुंऽऽ असा आवाज येतो आणि तारांना हात लावला की कमी होतो. सगळे म्हणतात पिकअप बदल. पैसे नाहीत. — एक वाचक, पुणे

उत्तर : मित्रा, पिकअपला हात लावू नकोस, पैसे वाचव. हात लावल्यावर आवाज कमी होतो म्हणजे तारांचं ग्राउंड जोडलेलं आहे, आणि बासच्या आतल्या खळग्यांना आडोसा नाही म्हणून घरातल्या ट्यूबलाइट, चार्जर, डिमर यांची सगळी घरघर आत शिरतेय. बऱ्याच बासमध्ये खळग्यात काळा कंडक्टिव्ह, म्हणजे वीज वाहणारा, रंग दिलेला असतो. तू रंग काढताना आतही पेपर मारलास का? मारला असशील तर तो गेला, आणि हे फार जणांचं होतं.

आधी एक फुकटची टेस्ट कर. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघड. जॅझ टाइपमध्ये दोन पिकअप एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतील तर दोन्ही पूर्ण उघडल्यावर घरघर जवळजवळ जाते. एक जरा कमी केला की परत येते. तसं झालं तर सगळं ठीक आहे, फक्त शिल्डिंग, म्हणजे तो आडोसा, हवं.

तपकीर गल्लीत जाऊन तांब्याची चिकट पट्टी घे, ज्याचा गोंदसुद्धा वीज वाहतो ती मागून घे, एक २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, थोडी सोल्डर, आणि स्वस्तातला मल्टिमीटर. खळग्यांना आतून पट्टी लाव, पट्ट्या एकमेकांवर थोड्या चढलेल्या असू देत, प्लेटच्या मागेही लाव, आणि एक वायर पट्टीपासून पोटाच्या पाठीला सोल्डर कर. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक ब्रिजला, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात त्या धातूच्या भागाला, दुसरं पट्टीला, बीप वाजायला हवी. ब्रिजखाली एक बारीक उघडी तार दाबलेली असते, रंग देताना ती आत ढकलली जाते किंवा तिच्यावर लॅकर बसतो, ती खरवडून चकचकीत कर. जॅकची, म्हणजे केबल खुपसतो त्या भोकाची, गरम बाजू, म्हणजे आवाज जिथून जातो ते टोक, पट्टीला टेकता कामा नये, नाहीतर बासमधून काहीच आवाज येणार नाही, तिथे इन्सुलेशन टेप मार.

पोट फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत आणि वीस-तीस वेळा पूर्ण फिरव. बदलायचंच झालं तर २५० किलोओमचं, टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

आणि आता जे सांगतोय ते चेष्टेत घेऊ नकोस. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, अगदी थोड्याही, तर ताबडतोब ॲम्प बंद करून प्लग काढ. तो बासचा प्रश्न नाही, ॲम्पचा किंवा घरातल्या अर्थिंगचा आहे. इलेक्ट्रिशियनला बोलव, तोपर्यंत वाजवायचं नाही.

प्रश्न : बास फ्रेटलेस करायची आहे. फ्रेट काढून फटी भरल्या की झालं ना? बोर्डला काय लावू? — एक वाचक, मडगाव

उत्तर : फ्रेट काढताना आधी प्रत्येक फ्रेट सोल्डरिंग आयर्नने तापवा, मग चिमट्याने अगदी सावकाश, नाहीतर बोर्डच्या खपल्या निघतात. रिकाम्या फटी तशाच ठेवू नका, तारांच्या ताणाने नेक पुढे वाकतो. साधारण अर्धा मिलिमीटरचं फिक्या रंगाचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, फटीत बसवा, पातळ गोंदाने, म्हणजे रेषाही दिसतात. आणि लक्षात घ्या, फ्रेटलेसवर बोट रेषेवरच ठेवायचं, रेषेच्या मागे नाही, सुरुवातीला सगळे इथेच बेसूर होतात. वरच्या नटच्या, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचाही खाली घ्याव्या लागतात.

बोर्डला काय लावायचं ते तारांवर आहे. सपाट गुंडाळीच्या तारा असतील तर शिसवीला नुसतं तेल पुरे. गोल गुंडाळीच्या तारा कानशीसारखं लाकूड खातात. जॅको पास्टोरियस या अमेरिकन बासवादकाने त्याच्या १९६२ च्या फेंडर जॅझ बासचे फ्रेट काढून बोर्डवर होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलं होतं ते याचसाठी, आणि त्याच्या आवाजातला तो गाणारा खणखणीतपणा काही अंशी त्या कडक थराचाच आहे असं मला वाटतं. तुम्ही गोव्यात आहात, होड्या दुरुस्त करणारे जवळपासच असतील, त्यांना इपॉक्सी कसं मिसळायचं ते बघून घ्या, मोजमाप चुकलं तर ते आयुष्यभर चिकटच राहतं. आधी बोर्डवर कधी तेल लावलं असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय इपॉक्सी धरणार नाही.

प्रश्न : भावाचं गॅरेज आहे. तो म्हणतो गाडीचाच रंग मारू बासला. चालेल का? आणि रंगानंतर किती दिवसांनी तारा चढवू? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालेल काय, बासची आणि गाडीच्या रंगाची तर जुनी नाती आहेत. अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ ला प्रिसिजन बास ही इलेक्ट्रिक बास आणली, आणि पुढे फेंडरच्या गिटारींना जे खास रंग मिळायचे ते ड्यूपाँट कंपनीचे गाड्यांचेच रंग होते, फिएस्टा रेड म्हणून जो प्रसिद्ध आहे तो १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा. आपल्याकडे सुतार फर्निचरच्या रंगाला ड्यूको म्हणतात ना, ते त्याच ड्यूपाँटच्या गाडीच्या रंगाचं नाव.

फक्त एक अट. गॅरेजमध्ये आता टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग असतो, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना फार वाईट, एकदा त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशानेही दम लागतो. कापडी मास्क उपयोगाचा नाही. भावाकडे बूथ, म्हणजे रंग फवारायची बंदिस्त खोली, आणि बाहेरून हवा घेणारा मास्क असेल तर त्यालाच मारू दे, नसेल तर साधा एनसी घ्या. गाडीचा पत्रा आणि लाकूड यात फरक एवढाच की लाकडाचे छिद्र आधी भरून सीलर लावावा लागतो, नाहीतर महिन्याभरात रेषा वर उमटतात. पत्र्याची लांबी लाकडाला जाड थापू नका, लाकूड हलतं, ती हलत नाही. आणि ओला पेपर मारताना स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका, आतून लाकूड फुगून भोकाभोवती गोल तडा जातो, भोकांत आधी मेण भरा.

टू-के असेल तर आठवडाभरात तारा चढवता येतील. एनसीला तीन-चार आठवडे लागतात, आणि तारखेपेक्षा नाकावर विश्वास ठेवा. नेक पॉकेटच्या कडेला, जिथे थर जाड बसतो, तिथे नाक लावून वास घ्या. थिनरचा जरासुद्धा वास येत असेल तर बास अजून आठवडाभर टांगून ठेवा, नेक कसायचा नाही आणि ब्रिजही बसवायचा नाही.